ऐकीव की प्रत्यक्ष

गयाबाई वाबळ्यांनी माझ्यापुढे शिऱ्याची बशी ठेवली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पोलिसातल्या एकवीस वर्षांत चौकशीला गेलेल्या घरी मला पाणी मिळालं होतं, कधी चहा मिळाला होता, दोनदा अंगावर कुत्रं आलं होतं. पण वर बेदाणे पेरलेला शिरा कुणी केला नव्हता. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर लोड आणि लोडाला टेकलेला मी. गयाबाई धुतलेलं पातळ नेसून उंबऱ्याशी बसल्या होत्या. शेजारचे किराणा दुकानदार पोपटराव हारदे दुकान तसंच उघडं टाकून माझ्या बाजूला येऊन टेकले होते.

मी सुरुवात नेहमीच्या पद्धतीनं केली होती. समोरच्या छायाबाई रोहोकल्यांबद्दल जरा माहिती हवी होती. वागणूक कशी आहे, घरचं वळण कसं आहे, गावात किती वर्षं आहेत, एवढंच.

"छाया व्हय," गयाबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "सोनं हाय पोर. दिवा घेऊन धुंडलं तरी अशी घावायची न्हाई."

मग त्या थांबेचनात. पोरगी पहाटे उठते, आईचं सगळं करते आणि कारखान्याची बस पकडते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. वय म्हणाल तर चोवीस. जन्मापासून हे गाव सोडून कुठे राहिलेली नाही. लग्नाचं मी विचारलं तेव्हा गयाबाईंनी पोपटरावांकडे पाहिलं आणि पोपटरावांनी घसा साफ केला. बाप लवकर गेला, आईला बघायला कुणी नाही, म्हणून राहून गेलं, बाकी काही कारण नाही, असं दोघांनी मिळून सांगितलं. मी सगळं डायरीत टिपून घेतलं.

माझ्या पिशवीत छायाबाईंनी स्वतःच्या हातानं भरलेला फॉर्म होता. त्यात वय एकोणतीस होतं. लग्न सात वर्षांपूर्वी, मे महिन्यात. त्यानंतर तीन वर्षं मुक्काम सुरत. गल्लीचं नाव, खोलीचा नंबर. नवऱ्याला गिरणीतली तांब्याची तार चोरल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा. आता विभक्त.

खोटं बोलणारी माणसं मी पोत्यानं पाहिली होती. पण ती चांगुलपणा आपल्याकडे ओढून घेतात. नसलेला नवरा आणि त्याची नसलेली शिक्षा आपल्या नावावर लिहून घेणारी बाई काही माझ्या पाहण्यात नव्हती. दोघांपैकी कुणीतरी खोटं होतं आणि कोण, ते मला कळेना.

इथे थोडं मागं जायला हवं. सतरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या ठाण्यात गोपनीय शाखेचा हवालदार होतो. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे साध्या कपड्यात फिरायचं, कोण कुठं सभा घेतोय ते साहेबांना सांगायचं आणि लोकांच्या चारित्र्याचे दाखले लिहायचे. तालुक्याच्या माळावर संरक्षण खात्याचा एक कारखाना होता. आत काय बनतं ते पंचक्रोशीत प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. तिथली झाडलोट, कँटीन, पॅकिंग अशी कामं ठेकेदाराची माणसं करायची. कायम नोकराची चौकशी आयुष्यात एकदा होते. ठेक्यावरच्या माणसाची मात्र दर ठेक्याला होते. ठेकेदार बदलला की माणसं तीच, खराटा तोच, फाटकही तेच. पण गळ्यातला पास रद्द. पुन्हा फॉर्म, पुन्हा चारित्र्य पडताळणी.

ही पडताळणी आम्ही कशी करायचो ते आता सांगायला हरकत नाही. टेबलावर चाळीस फॉर्मांचा गठ्ठा यायचा. ठाण्याच्या गुन्ह्याच्या रजिस्टरात नावं शोधायची, नाही सापडलं की 'निरंक' लिहायचं, शिक्का मारायचा आणि चहा मागवायचा. छायाबाईंना मी याआधी दोनदा असंच खुर्चीतून न उठता सच्चरित्र ठरवलं होतं. त्यांचा चेहराही मला माहीत नव्हता.

या खेपेला त्यांचं नाव आतल्या विभागाच्या पॅकिंगसाठी निवडलं गेलं होतं. तिथला फॉर्म चार पानी. दहा वर्षांतले सगळे पत्ते, नवऱ्याची माहिती, जवळच्या माणसाला शिक्षा झाली आहे का, सगळं. बाकीच्या अडतीस जणांनी रकाने निरंक ठेवले होते. छायाबाईंनी भरले होते. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं त्या ओळींभोवती लाल गोल काढून शेरा मारला होता, की प्रत्यक्ष चौकशी करावी, नात्यात नसलेल्या रहिवाशाकडून खात्री करावी आणि अहवाल शनिवारपर्यंत पाठवावा. एक तारखेपासून नवा ठेका. अहवाल उलटा गेला किंवा गेलाच नाही तर नाव यादीतून जाणार होतं. आतल्या विभागातूनच नव्हे, कारखान्यातूनच. आणि एकदा गेलेलं नाव त्या फाटकातून परत आत आल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. त्या दिवशी गुरुवार होता.

तर मी शिरा खात होतो. गयाबाईंनी पदर सारखा केला आणि जरा दबकत विचारलं, "पाहुनं, मुलाचं पहिलंच ना? का बिजवर हाय?"

मी चमचा खाली ठेवला.

"बिजवर असला तरी चालंल," गयाबाई म्हणाल्या. "फकस्त पोरंबाळं नसावीत पहिलीची. आमची छाया करील सगळं, पर उगा कशाला."

तुळशीची लग्नं लागून दहा दिवस झाले होते. या दिवसांत एखादा अनोळखी माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गल्लीत येतो, मुलीच्या घराकडे न जाता शेजारी टेकतो आणि वागणूक कशी, वळण कसं म्हणून विचारतो, तो कोण असणार हे कुठल्याही गावात सांगावं लागत नाही. चौकशी कशासाठी ते बोलायचं नाही, असा आमचा नियम. तो मी पाळला होता आणि त्यातूनच हा घोळ झाला होता. माझ्या स्वतःच्या बहिणीच्या वेळी आमच्या शेजाऱ्यांनी तिचा चष्मा आठ दिवस लपवला होता. इथं एक अख्खा नवरा लपवला होता, एवढाच फरक.

गैरसमजावर उभी राहिलेली साक्ष कागदावर घेणं बरं नव्हे, म्हणून मी खरं ते सांगितलं. मी मुलाकडचा नाही, पोलीस ठाण्यातून आलोय, कारखान्याच्या पासासाठी. तुम्हाला ठाऊक आहे ते आहे तसं सांगा, त्यातच बाईंचं भलं आहे.

गयाबाई उठल्या. माझ्या पुढ्यातली अर्धी बशी त्यांनी उचलून आत नेली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज पार बदललेला होता.

"मला काय ठावं असनार, साहेब. मी घरात असते."

पोपटरावांना दुकानाची आठवण झाली. मी मागोमाग गेलो तर ते तराजू पुसत होते. छायाबाई त्यांच्याकडून साखर नेतात, यापलीकडे आपला काही संबंध नाही, असं त्यांनी तराजूला सांगितलं. दोन वाजेपर्यंत मी पाच घरं केली. गल्लीभर बातमी माझ्या पुढं पुढं धावत होती. सगळे मूग गिळून बसले. एका घरानं तर अशी कुणी बाई या गल्लीत राहतच नाही असं सांगितलं. तेव्हा छायाबाईंच्या आई समोरच्या दारात उन्हाला बसून शेंगा सोलत होत्या.

मला राग आला. ही माणसं वाईट असती तर आला नसता. सकाळी त्यांनी तिच्या भल्यासाठी थाप मारली आणि दुपारी तिच्याच भल्यासाठी तोंड बंद केलं. या भल्यापायी त्या बाईची भाकरी जाणार होती आणि ते समजावून सांगायला कुणी माझ्यासमोर दोन मिनिटं उभं राहीना. 'स्थानिक चौकशीत दुजोरा मिळाला नाही' एवढं एक वाक्य लिहून मी मोकळा झालो असतो. नियमानं ते बरोबरही ठरलं असतं.

तीनच्या बसनं छायाबाई आल्या. उंच, सावळ्या, चालणं घाईचं. गळ्यात अजून जुना पास होता, प्लॅस्टिकच्या पाकिटातला. फाट्यावरच त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि त्यांनीच विचारलं, "अडकलं ना?"

मी म्हटलं, अजून नाही. मग जे झालं ते सांगितलं. शिऱ्याचं सांगितलं तेव्हा त्या क्षणभर हसल्या.

"ठेकेदाराचा क्लार्क म्हणत होता, सगळीकडं निरंक लिही, कोण बघतंय," त्या म्हणाल्या. "पण खाली लिहिलेलं होतं, माहिती खोटी निघाल्यास. मी वाचलं ते. बाकीच्यांनी वाचलं नाही, त्यांचं सुटलं."

"खोटं कशाला लिहिलं नाहीत?"

"खोट्यापायीच सुरतेला गेले होते, साहेब. आता परत नको."

मी विचारलं, लग्नाचं, सुरतेचं, खटल्याचं नीट ठाऊक असलेलं, नात्यात नसलेलं आणि कागदावर सही करील असं गावात एक तरी माणूस आहे का. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि मान हलवली. मग गटारापलीकडच्या एका घराकडे न बघता म्हणाल्या, "फक्त त्या घरी जाऊ नका. ते वाईटच सांगतील. आमच्यात विस्तव जात नाही."

मी त्या घराकडे पाहिलं. ओसरीवर ट्रकची काढून आणलेली लांबलचक सीट बाकासारखी टाकलेली होती आणि तिच्यावर एक साठीचा माणूस तपकिरी स्वेटर घालून बसला होता. तो सकाळपासून तिथंच होता. माझी सगळी फेरी त्यानं पाहिली होती. पाच घरं मी केली, हे सहावं. दुसरं कुठलं घर राहिलंच नव्हतं.

"या, जमादार," मी पायरी चढायच्या आत तो म्हणाला.

मी विचारलं, ओळखलंत कसं.

"बूट. शर्ट बदलता तुमी लोक, बूट न्हाई बदलत. तीस वर्सं ट्रक चालवला, परत्येक नाक्यावर हेच बूट बघितले." त्यानं सीटवरची धूळ हातानं झटकली. "बसा. समदे तुमाला सोयरं समजले. मी म्हनलं, फिरू द्या जरा."

त्याचं नाव रंभाजी डेंगळे. चहा विचारला नाही, पाणी दिलं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "लिवा," आणि छायाबाईंबद्दल सांगायला लागला. आवाज चढा, शेजारी ऐकू जाईल असा. बाई गर्विष्ठ आहे. कुणाचं ऐकत नाही. चार वर्षं झाली, या घराशी बोलत नाही, आईलाही बोलू देत नाही. मी मनात म्हटलं, झालं, हिचा पास गेला.

पण तो माणूस पुढं सांगत राहिला आणि माझं पेन आपोआप भराभर चालायला लागलं. लग्नाची तारीख. सुरतेतल्या गल्लीचं नाव, खोलीचा नंबर, जिना कुठल्या बाजूला. गिरणीचं नाव. तार कधी चोरली, किती मण, कुणाला विकली. पोलीस आले तेव्हा नवऱ्यानं तार बायकोच्या ट्रंकेत ठेवलेली होती आणि ती तिचीच म्हणून सांगितलं. बाईनं कोर्टात उभं राहून नवऱ्याविरुद्ध साक्ष दिली. त्याला दोन वर्षं झाली, ही सुटली आणि त्याच आठवड्यात गावी आली. गावातल्यांनी तेव्हा तिला नावं ठेवली, की नवऱ्याला आत घालणारी बाई. आता तीच माणसं शिरा करतात.

फॉर्ममधली एकही ओळ उरली नाही. दोन रकाने तर फॉर्मपेक्षा जास्त भरले.

"तुम्हाला एवढं कसं ठाऊक?" मी विचारलं.

रंभाजीनं समोर पाहिलं. छायाबाई आईच्या पुढ्यातलं शेंगांचं सूप उचलून आत नेत होत्या.

"सोयरीक मीच जमवली," तो म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "कांदा घेऊन सुरतेला जायचो मी, आठवड्याला एक फेरी. पोरगं बघितलं, दिसायला बरं. तिच्या बापाला मी शब्द दिलता, म्हनून नीट चौकशी केली. त्याच्या गल्लीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना इचारलं. सा घरं हिंडलो. समद्यांनी चांगलंच सांगितलं. लई चांगली मानसं व्हती ती बी."

मी लिहिणं थांबवलं. हे लिहायचं नसतं.

जबाबाच्या कागदाला आमच्याकडे शेवटी एक रकाना असतो: माहिती ऐकीव की प्रत्यक्ष. ऐकीव माहितीला साहेब किंमत देत नाहीत. लग्न जमवलं ते प्रत्यक्ष, पण खटल्याचं काय, ते कुणाकडून कळलं, असं मी विचारलं. रंभाजीनं हळू आवाजात उत्तर दिलं. मी ते रकान्यात उतरवलं. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरून सगळा वाचला आणि ठसठशीत अक्षरात सही केली.

"मी सांगितलं, हे तिला कळता कामा नये," तो म्हणाला.

मी म्हटलं, जबाब गोपनीयच असतात, माझ्याकडून कुणालाही कळणार नाही.

"आन् जुळतंय का, तेवढं सांगा. तिनं लिवलंय त्याच्याशी."

मी म्हटलं, तेही सांगता येत नाही.

"जुळंल," रंभाजी म्हणाला. "ती खोटं लिवायची न्हाई. येडी हाय तेवढी."

शुक्रवारी सकाळी मी कागद साहेबांपुढे ठेवला. आमचे निरीक्षक साहेब वाचताना ओठ हलवायचे. पहिला परिच्छेद वाचून ते म्हणाले, हा तर तिचा वैरी दिसतो. मी म्हटलं, होय साहेब, म्हणूनच. वैरी उगाच चांगलं सांगत नाही आणि यानं वाईट सांगूनही सगळं फॉर्मशी जुळतं, म्हणजे बाईनं काही लपवलेलं नाही. साहेबांनी शेवटचा रकाना वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. मग सही केली. सुरतेच्या ठाण्याकडून आम्ही फॅक्सनं दुजोरा मागवला होता. तो फेब्रुवारीत आला. तोवर छायाबाई नव्या पासावर दोन महिने आत जात होत्या.

पास मिळाल्यावर त्या पेढे घेऊन ठाण्यात आल्या. सगळ्या टेबलांना पेढे देऊन झाल्यावर माझ्याजवळ थांबल्या.

"गल्लीतला जो तो म्हणतो, मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "खरं कुणी सांगितलं?"

"ते सांगता येत नाही."

"गयामावशी असतील. तुम्ही गेल्यावर चार दिवस जेवल्या नाहीत त्या."

मी पेढा तोंडात टाकला. नाही म्हणालो नाही. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि मी तो घेऊ दिला. खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो.

मी सेवानिवृत्त झालो. नोव्हेंबर आला की बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे लिहून द्यावं लागतं, त्याशिवाय पेन्शन निघत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे दाखले लिहिले, आता वर्षातून एकदा माझी पडताळणी होते. गेल्या वर्षी टोकन घेऊन बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई एका म्हातारीचा हात धरून टेकल्या. गळ्यात पास, कायम नोकराचा, निळ्या पट्टीचा. म्हातारीला दिसत नसावं. तिचा निराधार योजनेचा अंगठा द्यायला त्या आल्या होत्या.

छायाबाईंनीच मला ओळखलं. म्हातारीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मावशी, शिरेवाले साहेब." गयाबाई हसल्या. त्यांच्या तोंडात दात राहिले नव्हते.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. सहा वर्षांपूर्वी त्या कारखान्यात कायम झाल्या होत्या. आई गेली. गयाबाईंना कुणी उरलं नव्हतं, म्हणून आता त्या यांच्याकडेच. डोळ्यांचं ऑपरेशन केलं, पण उशीर झाला होता. "मावशींच्या एका सहीवर माझं सगळं उभं आहे," छायाबाई म्हणाल्या. "मग मी यांचं करणार नाही तर कोण." गयाबाई ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. त्यांनी हातातला रुमाल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, समोरचे डेंगळे कसे आहेत.

"गेले. श्रावणात. पोरं शहरात, एकटेच होते. सकाळी त्या सीटवरच सापडले." मग त्या म्हणाल्या, "मी गेले नाही. लोकांनी नावं ठेवली. पण मला नाही जमलं, साहेब. त्या माणसानं मला सुरतेत नेऊन टाकलं आणि परत वळून पाहिलं नाही. साक्षीच्या दिवशी कोर्टात मी सकाळपासून उभी होते. आपलं म्हणावं असं एक माणूस नव्हतं तिथं."

दिलेला शब्द मी सोळा वर्षं पाळला होता. पण तो एका जिवंत माणसाला दिलेला होता आणि त्याच्यापायी हे वाक्य मी तसंच ऐकून घ्यावं असं मला वाटेना. मी शब्द मोडला. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

"होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही गुजराती पदर घेतला होता. पण बोललात मराठीत. जज्जाला कळेना म्हणून दुभाष्या बोलावला, त्याला यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ तुम्ही पिंजऱ्यात उभ्याच होता. कुणी बसा म्हटलं नाही. साक्ष झाल्यावर अंगणातल्या नळावर तोंड धुतलंत आणि चपला तिथंच विसरलात, त्या परत येऊन नेल्यात."

छायाबाईंचा हात गयाबाईंच्या हातातून सुटला.

"हे फॉर्मवर नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही. जबाबाच्या शेवटच्या रकान्यात होतं. ऐकीव की प्रत्यक्ष, असं मी विचारलं. प्रत्यक्ष, म्हणाले. कांद्याचा ट्रक बाहेर उभा करून शेवटच्या बाकावर बसलो होतो, म्हणाले. पुढं यायला तोंड नव्हतं, म्हणाले."

मी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

"मग पासाच्या वेळी," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"एकच जबाब होता. एकच सही."

काउंटरवर आकडा बदलला, तो माझा होता. मी उठलो नाही. पुढचा आकडा त्यांचा लागला, तेव्हा त्याही उठल्या नाहीत. गयाबाईंना सगळं ऐकू गेलेलं होतं. त्यांनी तो रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मी तुला कवाच म्हनले न्हवते गं, की मी सांगितलं. तू धरून चाललीस. मंग मला बी सोडवंना."

छायाबाईंनी त्यांचा हात पुन्हा हातात घेतला. रागावल्या असतील असं मला वाटलं होतं, पण चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. त्या बराच वेळ समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

"दहावा झाला, तेरावा झाला," त्या म्हणाल्या. "आता काय करायचं असतं?"

"वर्षश्राद्ध असतं," मी म्हणालो. "श्रावणात."

"तिथी कुठली होती हो, मावशी?"

गयाबाईंनी तिथी सांगितली. छायाबाईंनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि टोकनच्या पाठीमागं ती लिहून घेतली.